बर्नहून आंबेठाणला, आंबेठाणहून चांदवडला

शरद जोशी स्वित्झर्लंडमधली नोकरी सोडून 1977 साली भारतात परतले तेव्हा त्यांनी नुकतीच चाळिशी ओलांडली होती. जन्म साताऱ्याचा. मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजातून एम.कॉम., वर्षभर कोल्हापुरात प्राध्यापकी, 1958पासून दहा वर्षं भारतीय टपाल सेवेत अधिकारी आणि पुढे बर्नच्या जागतिक टपाल संघटनेत नऊ वर्षं. पगार, मानमरातब, मुलींचं शिक्षण, सगळं मार्गी लागलेलं. असा माणूस परत येतो आणि चाकणजवळच्या आंबेठाणला तेवीस-चोवीस एकर कोरडवाहू जमीन घेऊन कसायला लागतो, याचं गावाला नवल वाटलं नसतं तरच आश्चर्य.

12 डिसेंबर 2015 रोजी पुण्यात त्यांचं निधन झालं. आंबेठाण ते पुणे या अडतीस वर्षांत ते शेतकरी झाले, आंदोलक झाले, स्त्रियांच्या प्रश्नाचे विचारवंत झाले, खुल्या बाजाराचे पुरस्कर्ते झाले, पक्षाध्यक्ष आणि खासदारही झाले. त्यांच्याविषयी बोलताना लोक आंदोलनांची नावं घेतात. मला मात्र या मागोव्यात हे पाहायचं आहे, की हा माणूस दर टप्प्यावर स्वतःला बदलत कसा गेला, कुठल्या बदलाने त्यांचं नेतृत्व वाढलं आणि कुठल्या बदलाने ते एकटे पडत गेले.

बर्नमध्ये असताना त्यांच्या मनाने एक गोष्ट घेतली होती. गरीब देशांच्या विकासाच्या परिषदा युरोपातल्या उत्तम सभागृहांत भरतात, मदतीचे आकडे जाहीर होतात आणि गरिबी जिथल्या तिथे राहते. या गरिबीचं मूळ कोरडवाहू शेतीत आहे, अशी त्यांची अटकळ होती. अटकळ खरी की खोटी हे ठरवायला ते स्वतः शेतीत उतरले. अभ्यासदौरा काढून, चार गावं पाहून, अहवाल लिहून भागलं असतं. त्यांनी जमीन घेतली आणि नफातोट्याचा हिशेब स्वतःच्या खिशातून मांडला.

काकडी, बटाटा, कांदा अशी पिकं त्यांनी घेतली. माल बाजारात गेला की शेतकऱ्याच्या हाती पट्टी येते. वर मालाचं वजन आणि मिळालेला भाव, खाली वजावट: मोटारभाडं, हमाली, तोलाई आणि त्या काळी आडतही. उरेल ते शेतकऱ्याचं. भाव पडला असेल तर वजावटच विक्रीपेक्षा जास्त भरते आणि शेतकऱ्यालाच वरून पैसे द्यावे लागतात. याला उलटी पट्टी म्हणतात. बी, खत, पाणी, खुरपणी, काढणी यांचा खर्च तर या कागदावर येतच नाही. चाकणच्या शेतकऱ्याला पट्टी नवी नव्हती. जोशींसाठी ती नवी होती, आणि त्यांच्यातला अर्थशास्त्राचा विद्यार्थी तिथे जागा झाला. शेतकरी अडाणी आहे, आळशी आहे, लग्नकार्यात उधळतो म्हणून कर्जात बुडतो, असं शहाणी माणसं सांगत आली होती. जोशी अडाणी नव्हते, व्यसनी नव्हते, पै-पैचा हिशेब ठेवत होते आणि तरीही तोट्यात होते. मग दोष शेतकऱ्यात नसून भावात आहे आणि भाव पाडण्याचं काम सरकारी धोरणच करतं, हा त्यांचा सिद्धांत या पट्ट्यांतून उभा राहिला. ‘शेतीमालाला रास्त भाव’ हा एककलमी कार्यक्रम तिथूनच आला.

नेतृत्वाची खरी घडण मला या दोन-तीन वर्षांत दिसते. त्यांनी कपडे बदलले नाहीत. धोतर-टोपी चढवून शेतकरी दिसायचा खटाटोप केला नाही. जीन्स आणि शर्टावरच वावरले, पुढे त्यावर संघटनेचा लाल बिल्ला आला. बदलली ती भाषा. इंग्रजी-फ्रेंच टिपणं लिहिणारा अधिकारी चाकणच्या बाजारात कांद्याच्या ढिगाशेजारी बसून ऐकायला शिकला आणि ऐकलेलंच अर्थशास्त्राच्या शिस्तीत मांडून परत सांगू लागला. ‘माझ्या शेतकरी भावांनो आणि मायबहिणींनो’ अशी त्यांच्या भाषणाची सुरुवात असे. पुढे आवाज फारसा न चढवता तासभर हिशेब चाले. समोरच्याला वाटायचं, हे तर मला माहीतच होतं, फक्त असं कुणी सांगितलं नव्हतं.

9 ऑगस्ट 1979 रोजी चाकणला शेतकरी संघटना स्थापन झाली. 1980च्या जानेवारीत भामनेरच्या खोऱ्यातल्या रस्त्यासाठी तिथल्याच वांद्रे गावापासून चाकणपर्यंत साठ किलोमीटरहून लांब पायी मोर्चा निघाला. मार्चमध्ये चाकणला कांद्यासाठी रस्ता अडवला गेला. त्याच वर्षी नोव्हेंबरात नाशिक जिल्ह्यात ऊस-कांद्याचं आंदोलन पेटलं. उसाला टनाला 300 रुपये ही मागणी होती. माधवराव खंडेराव मोरे, प्रल्हाद पाटील कराड, रामचंद्रबापू पाटील असे खमके साथी तिथे मिळाले. रस्ते आणि रेल्वे थांबल्या, तुरुंग भरले, खेरवाडीत गोळीबार झाला. 1981च्या मार्च-एप्रिलमध्ये निपाणीला तंबाखू उत्पादक तीन आठवडे महामार्गावर ठाण मांडून बसले. त्याचाही शेवट गोळीबारात झाला आणि शेतकऱ्यांचे जीव गेले. ‘भीक नको, हवे घामाचे दाम’ ही घोषणा तोवर महाराष्ट्रभर पोचली होती. ‘भारत’ आणि ‘इंडिया’ अशी त्यांनी केलेली विभागणी तर विरोधकांच्याही तोंडी बसली.

इथे थांबले असते तरी त्यांचं नाव राहिलं असतं. लाखांच्या सभा होत होत्या, शब्दाला वजन होतं. अशा वेळी नेता सहसा आहे तेच जपतो. जोशींनी मात्र या टप्प्यावर स्वतःच्याच मांडणीला प्रश्न विचारला.

आंदोलनात बायका होत्या. रस्त्यावर बसल्या होत्या, तुरुंगातही गेल्या होत्या. पण भाव मिळाला की पैसा पुरुषाच्या हातात जातो आणि तो घरातल्या बाईपर्यंत पोचतोच असं नाही, हे जसजसं समोर येऊ लागलं तसतसा एककलमी कार्यक्रम अपुरा पडू लागला. शेतीतली निंदणी, खुरपणी, वेचणी, शिवाय चूल, पाणी, जनावरं, हे सारं बाईच्या अंगावर. पट्टीवर नाव नवऱ्याचं, सातबाऱ्यावरही त्याचंच. तिच्या घामाचा दाम कोण देणार? शहरातल्या स्त्रीमुक्तीची पुस्तकी भाषा उचलून हे भागणार नव्हतं. गावोगाव बैठका झाल्या, शिबिरं झाली, बायकांनी आपापला दिवस सांगितला. काकडीच्या पट्टीपाशी जे घडलं होतं तेच इथे घडलं. आधी ऐकणं, मग मांडणी.

9 आणि 10 नोव्हेंबर 1986 रोजी नाशिक जिल्ह्यात चांदवडला शेतकरी महिलांचं अधिवेशन भरलं. लाखोंच्या संख्येने बायका आल्या. पंचायत राज्याच्या निवडणुका स्त्रियांनी पूर्ण पॅनेल उभं करून लढवाव्यात, असं तिथे ठरलं. स्थानिक संस्थांमधलं महिला आरक्षण घटनेत यायला अजून सहा-सात वर्षं होती. 1989च्या सुमारास काही गावांनी चांदवडला ठरलेलं करून दाखवलं. जळगाव जिल्ह्यातल्या विटनेरची ग्रामपंचायत सगळी बायकांची झाली.

चांदवडनंतर काही वर्षांतच लक्ष्मीमुक्ती सुरू झाली. मला हे त्यांचं सगळ्यात धाडसाचं काम वाटतं, कारण इथे मागणी सरकारकडे नव्हती, स्वतःच्या अनुयायांकडे होती. सरकारकडे घामाचे दाम मागणाऱ्याने आधी आपल्या घरच्या लक्ष्मीचं देणं चुकवावं, जमिनीचा तुकडा तिच्या नावे करावा. गावातल्या शंभर घरांनी हे केलं की जोशी त्या गावात जात. काम तसं कागदाचंच आहे. तलाठ्याकडे अर्ज, फेरफाराची नोंद, मंडल अधिकाऱ्याची मंजुरी आणि मग सातबाऱ्यावर तिचं नाव. पण खेड्यात भाऊबंदकीच्या नजरेखाली ही नोंद करणं म्हणजे काय, हे गावात राहिलेल्याला सांगायला नको. विटनेरला शंभराहून अधिक पुरुषांनी हे केलं. यवतमाळ जिल्ह्यातल्या रावेरीला एकट्या सीतेचं जुनं मंदिर आहे. रामाविना असलेल्या त्या सीतेत जोशींना शेतकरी बाई दिसली आणि त्या मंदिराच्या जीर्णोद्धारासाठी त्यांनी मनापासून कष्ट घेतले. सरकारला शिव्या देणाऱ्या भाषणाला टाळ्या मिळतात. समोर बसलेल्या पुरुषांना ‘तुम्हीही शोषक आहात’ असं सांगून त्यांच्याकडून जमीन सोडवून घेणं फार थोड्यांना जमलं आहे.

नव्वदच्या दशकात ते पुन्हा बदलले. 10 नोव्हेंबर 1991 रोजी शेगावला त्यांनी चतुरंग शेती मांडली: सीताशेती, माजघरशेती, व्यापारशेती आणि निर्यातशेती. आंदोलनातून भाव मागत बसण्यापेक्षा शेतकऱ्याने स्वतः प्रक्रिया करावी, विकावं, परदेशी पाठवावं. जागतिक व्यापार खुला करण्याच्या डंकेल प्रस्तावावर देशातल्या बहुतेक शेतकरी संघटना तुटून पडल्या असताना जोशी त्याच्या बाजूने उभे राहिले. कर्नाटकात शेतकरी नेते नंजुंडस्वामी त्याविरुद्ध लढत होते, डावे तर होतेच. जोशींचं म्हणणं त्यांच्या जुन्या सिद्धांताशी सुसंगत होतं. सरकारच भाव पाडत असेल तर सरकारने बाजारातून बाहेर पडावं. जनुकबदल कापसाच्या बियाण्यालाही त्यांनी याच तर्काने पाठिंबा दिला. विचार म्हणून ही मांडणी आजही तपासून पाहण्याजोगी आहे. डिसेंबर 2023मध्ये केंद्राने कांद्याच्या निर्यातीवर बंदी घातली आणि ती मे 2024मध्ये उठली. त्या काळात चाकण-लासलगावच्या शेतकऱ्याला जोशींचंच म्हणणं आठवलं असेल.

पण माणसं गळत गेली. एकेक कार्यकर्ता वेगळी वाट धरू लागला, पुढे ऊस पट्ट्यात नवी संघटनाही उभी राहिली. कारण शोधायचं तर मला ते बदलाच्या रीतीत दिसतं. भावाचा सिद्धांत पट्टीतून आला होता, चांदवड बायकांच्या सांगण्यातून आलं होतं. खुल्या बाजाराच्या वेळी शेतकऱ्याचा अनुभव अजून आलाच नव्हता. जागतिक व्यापाराची चौकट जोशींना आंतरराष्ट्रीय संस्थेतल्या नोकरीमुळे ओळखीची होती, आंबेठाणच्या शेजाऱ्याला नव्हती. नेत्याला जे दिसत होतं ते अनुयायाला दिसायला काही वर्षं लागणार होती आणि तेवढी सवड कुणापाशीच नव्हती.

राजकारणात हे अंतर आणखी वाढलं. मतं मागायला येणार नाही, असं सुरुवातीला जाहीरपणे सांगणाऱ्या जोशींनी 1994मध्ये स्वतंत्र भारत पक्ष काढला. निवडणुकांत यश आलं नाही. ज्यांना एके काळी जातीयवादी म्हणून विरोध केला त्यांच्याच पाठिंब्यावर 2004मध्ये ते राज्यसभेत गेले. 9 मार्च 2010 रोजी महिला आरक्षण विधेयकावर मतदान झालं. बाजूने 186, विरोधात 1. ते एक मत शरद जोशींचं होतं. मतदारसंघ फिरते ठेवल्याने बाईला आपल्या मतदारसंघात पाय रोवताच येणार नाही, हा त्यांचा आक्षेप होता आणि तो पोकळ नव्हता. तरीही ज्या माणसाने चांदवड घडवलं त्याला सभागृहात एकट्याने हात वर करावा लागला, याचं वाईट वाटतं. चांदवडच्या वेळी बायका त्यांच्यासोबत चालत आल्या होत्या. 2010मध्ये त्यांचं म्हणणं बायकांपर्यंत पोचवणारी संघटनाच मागे उरली नव्हती.

या साऱ्याचा हिशेब मांडताना माझा कौल स्पष्ट आहे. शेवटच्या टप्प्यातली एकाकी वाट धरूनही जोशी मोठेच होते, आणि त्यांच्या मोठेपणाचा पुरावा नाशिकच्या रास्ता रोकोपेक्षा विटनेरच्या सातबाऱ्यावर अधिक ठळक आहे. पुढे राज्य शासनानेही लक्ष्मीमुक्ती याच नावाने योजना आणली. शेतकऱ्याने अर्ज केला की पत्नीचं नाव सहहिस्सेदार म्हणून सातबाऱ्यावर लागतं. गावोगावच्या शेतकरी उत्पादक कंपन्यांचे संचालक, सोसायटीचे चेअरमन, सरपंच आणि शेतकरी चळवळीत आजही बिल्ला लावून फिरणारे भाऊ, तुम्हा सगळ्यांना एकच विनंती आहे. पुढच्या ग्रामसभेत आपल्या गावच्या किती सातबाऱ्यांवर बाईचं नाव आहे ते वाचून दाखवा, आणि सुरुवात आपल्या स्वतःच्या उताऱ्यापासून करा.