पदच्युत पदाधिकाऱ्यांची अपात्रता

स्थानिक स्वराज्य संस्थेतील लोकनिर्वाचित पदाधिकाऱ्यास गैरवर्तनाबद्दल पदावरून दूर केल्यानंतर, ठराविक मुदतीपर्यंत पुन्हा ते पद धारण करण्यास किंवा निवडणूक लढविण्यास कायद्याने केलेली मनाई. ही फौजदारी शिक्षा नव्हे. सार्वजनिक पैसा व अधिकार यांचा दुरुपयोग केलेल्या व्यक्तीच्या हाती ते लगेच पुन्हा जाऊ नयेत, हा तिचा हेतू होय.

चांदा (सध्याच्या चंद्रपूर) जिल्ह्यातील गावांना पूर्वी मध्यप्रांत व वऱ्हाडचा १९४६ चा पंचायत कायदा लागू होता. त्याची जागा मुंबई ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ याने घेतली. २०१२ पासून हा अधिनियम ‘महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम’ या नावाने ओळखला जातो. त्याच्या कलम ३९ अन्वये कर्तव्य बजावताना केलेले गैरवर्तन, लज्जास्पद वर्तन, कर्तव्यातील हयगय वा असमर्थता यांबद्दल सरपंच, उपसरपंच वा सदस्य यांना विभागीय आयुक्त पदावरून दूर करू शकतो. तत्पूर्वी आयुक्ताच्या आदेशानुसार जिल्हा परिषदेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याने चौकशी करणे, तसेच पंचायतीस व संबंधित व्यक्तीस नोटीस देऊन त्या व्यक्तीचे म्हणणे ऐकून घेणे आवश्यक असते. आयुक्ताच्या आदेशाविरुद्ध राज्य शासनाकडे अपील करता येते.

पदच्युतीचे परिणाम दोन प्रकारचे असतात. पंचायतीच्या उर्वरित मुदतीत त्या व्यक्तीस सरपंच वा उपसरपंच म्हणून पुन्हा निवडून येता येत नाही. शिवाय कलम १४ अन्वये पदच्युतीच्या तारखेपासून पाच वर्षे तिला पंचायतीचे सदस्यही होता येत नाही. मात्र ही दुसरी अपात्रता शासन राजपत्रातील आदेशाने दूर करू शकते. चौकशी टाळण्यासाठी राजीनामा दिल्यासही सुटका होतेच असे नाही. पद सोडल्यापासून सहा महिन्यांच्या आत कारवाई झाल्यास अशा व्यक्तीस जास्तीत जास्त पाच वर्षांसाठी अपात्र ठरविता येते.

अविश्वासाच्या ठरावाने होणारी पदच्युती याहून भिन्न आहे. ठराव संमत झाल्यास सरपंचाचे पद जाते; परंतु तो दोषी ठरला, असा त्याचा अर्थ होत नाही व कलम ३९ मुळे येणारी अपात्रताही त्यास लागू होत नाही.

नगरपरिषदांना १९६५ चा स्वतंत्र अधिनियम लागू आहे. त्याच्या कलम ५५-अ प्रमाणे राज्य शासनाने दूर केलेल्या नगराध्यक्षास वा उपाध्यक्षास परिषदेच्या उर्वरित मुदतीत ते पद पुन्हा मिळत नाही. कलम ५५-ब अन्वये गैरवर्तन वा लज्जास्पद वर्तन सिद्ध झाल्यास शासन त्यास नगरसेवकपदासाठीही सहा वर्षांपर्यंत अपात्र ठरवू शकते. नागभीड हे या भेदाचे चांगले उदाहरण होय. तेथे पूर्वी ग्रामपंचायत होती, पुढे नगरपरिषद झाली. त्यामुळे शहरात १९६५ चा, तर तालुक्यातील खेड्यांत १९५८ चा अधिनियम लागू असून, काही कोसांच्या अंतरावर अपात्रतेची मुदत व निर्णय घेणारा अधिकारी दोन्ही बदलतात.

पदच्युतीने केवळ एका व्यक्तीचे पद जात नाही. मतदारांनी दिलेला कौलही रद्द होतो. रायगड जिल्ह्यातील उरण नगरपरिषदेच्या नगराध्यक्षाच्या प्रकरणी सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये हेच तत्त्व मांडून पदच्युतीचा व अपात्रतेचा आदेश रद्द केला. अशा कारवाईत कायद्यातील कार्यपद्धती व नैसर्गिक न्यायाची तत्त्वे काटेकोरपणे पाळली पाहिजेत आणि आदेशास सबळ कारणे दिली पाहिजेत, असे न्यायालयाने म्हटले. किरकोळ अनियमितता व गैरवर्तन यांतील भेद दृष्टीआड झाल्यास ही तरतूद गावातील प्रतिपक्षाला नामोहरम करण्याचे साधन बनू शकते. उलट चौकशी रेंगाळल्यास दोषी पदाधिकारी आपली मुदत पुरी करून मोकळा होतो. म्हणून अपात्रतेच्या तरतुदीचे मोल मुदतीच्या लांबीपेक्षा चौकशीच्या निःपक्षपातीपणावर व तत्परतेवर अधिक अवलंबून असते.