दोष नक्षत्रांचा की उतावळेपणाचा?

तरुण प्रेमिकांचा अकाली अंत झाला, की "विधिलिखित कोणास चुकले आहे?" असे म्हणून आपण सुस्कारा सोडतो आणि मोकळे होतो. शेक्सपिअरच्या 'रोमिओ आणि ज्युलिएट'विषयी असे म्हणण्यास तर खुद्द नाटककाराचाच आधार आहे. या दोघांची नक्षत्रे प्रतिकूल असल्याचे तो नाटकाच्या आरंभीच सांगून टाकतो. तथापि एकामागून एक प्रवेश वाचीत गेले, म्हणजे आम्हांस तेथे ग्रहांपेक्षा घाईचाच संचार अधिक दिसतो.

ही घाई शेक्सपिअरने हेतुतः आणली आहे. आर्थर ब्रुक याच्या १५६२ मधील ज्या काव्यावरून त्याने कथानक घेतले, त्यात ही कथा कित्येक महिने चालते. शेक्सपिअरने ती अवघ्या चार-पाच दिवसांत आणून बसविली. रविवारी सायंकाळपर्यंत रोझलाइनसाठी झुरणारा रोमिओ त्याच रात्री ज्युलिएटवर लुब्ध होतो. सोमवारी तिच्याशी गुप्तपणे विवाहबद्ध होतो आणि लगेच, मित्राच्या वधाने बेभान होऊन, तिच्या मामेभावाचा प्राण घेतो. ती तलवार काही नक्षत्रांनी उपसली नव्हती!

यावर कोणी म्हणेल, की धर्मगुरूचे पत्र रोमिओला पोहोचलेच नाही, हा तरी दैवाचा खेळ नव्हे काय? पत्र नेणारा साधू साथीच्या रोगाच्या संशयामुळे अडकून पडला, हा दुर्योग आम्हांसही मान्य आहे. परंतु ज्युलिएटच्या मृत्यूची खोटी वार्ता येताच रोमिओ काय करतो? धर्मगुरूचे पत्र आहे काय, एवढे तो विचारतो. 'नाही' असे उत्तर येताच विष विकत घेऊन त्याच रात्री निघतो. तिने घेतलेल्या औषधाचा अंमल ४२ तासांचा होता. तो उतरण्यास क्षणांचाच अवधी उरला असता रोमिओ विष प्राशन करतो. दैवाने गाठ घातली असेल. ती सोडविण्याइतका धीर मात्र त्याच्यापाशी नव्हता.

आगरकरांनी १८८३ साली 'हॅम्लेट'च्या मराठी भाषांतरास 'विकारविलसित' असे नाव दिले. आमच्या मते ते या नाटकासही तितकेच शोभले असते.

परंतु विकार केवळ तरुणांनाच जडतात, असे मानणे अन्यायाचे होईल. संयमाचा उपदेश करणारा धर्मगुरू त्याच दिवशी गुप्त विवाह लावून देतो. घरात सुतक असता बाप मुलीचे दुसरे लग्न तीन दिवसांवर ठरवतो आणि मग तेही एक दिवस अलीकडे ओढतो. मुलीने नकार देताच तिला घराबाहेर काढण्याची धमकी देतो. आई पाठ फिरवते. जिच्या अंगाखांद्यावर ती वाढली, ती दाईही नव्या स्थळाचीच भलावण करते.

आमच्या मनाला विशेष चटका लावते ती एकच गोष्ट. हे लग्न एक महिना, निदान एक आठवडा तरी पुढे ढकला, अशी विनवणी ज्युलिएट आईला करते. सगळ्यांच्या धावपळीत थोडा वेळ मागून घेणारी ती चौदाही न भरलेली पोरच होती. तो आठवडा देणे नक्षत्रांच्या नव्हे, वडीलधाऱ्यांच्या हाती होते.