दुसऱ्या नंबरचा प्लग

सकाळी साडेसहा

बॉनेटवर हात ठेवला. गार. काल संध्याकाळी नाना पेठेतून प्लग घेऊन आले त्यानंतर गाडी हललीच नव्हती, तेव्हा गार असणारच. पण इंजिन गार झालं का हे हाताला विचारायचं, घड्याळाला नाही, ही आमच्या बाबांची शिस्त. हेड ॲल्युमिनियमचं आणि प्लगचं अंग लोखंडाचं. इंजिन गरम असताना पाना लावला तर हेडमधले आटे ओरबाडून प्लगबरोबर बाहेर यायची भीती असते. मग शे-दीडशे रुपयांच्या प्लगसाठी हेड उतरवा आणि नवे आटे पाडून घ्या.

गाडी म्हणजे १९९७ ची मारुती ८००, कार्ब्युरेटरवाली. सीसी ७९६, सिलिंडर तीन, म्हणजे प्लगही तीनच. गेले दोन आठवडे ती मिसिंग करत होती. सिग्नलला उभी केली की हिवताप भरल्यासारखी थरथरायची, सुटताना दोन झटके द्यायची आणि मग काही झालंच नाही अशा थाटात चालू लागायची. गॅरेजवाल्यानं न बघताच सांगितलं होतं, “ताई, प्लग बदला. नाहीतर गाडीच बदला.” पहिला सल्ला मानायचं ठरवलं.

फिरायला निघालेले शेजारचे काका पार्किंगमध्ये थबकले. “आज धूप नाही घातला वाटतं?” रोज सकाळी पहिल्यांदा चालू केली की गाडी निळसर धुराचा एक लोट सोडते, त्यावरचा त्यांचा हा नेहमीचा विनोद. मीही नेहमीप्रमाणे हसले. तेव्हाच हसण्याऐवजी थोडा विचार केला असता, तर पुढचा अर्धा दिवस वाचला असता.

सव्वासात

बाबा प्लास्टिकची खुर्ची घेऊन खाली आले. वय एक्याऐंशी. सगळी नोकरी एसटीच्या दापोडीच्या वर्कशॉपमध्ये, तीही डिझेल इंजिनांवर. स्पार्क प्लग हा प्रकारच त्यांना जरा नाजूक वाटतो. डिझेलच्या इंजिनात हवा इतकी दाबली जाते की ती तापते आणि डिझेल आत पडलं की आपलं आपण पेटतं. पेट्रोलला मात्र ठिणगी पुरवावी लागते. “आमच्या गाड्यांना काडी ओढून द्यावी लागत नसे,” हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आले आहे. आज पहिल्या दहा मिनिटांतच ऐकलं.

हत्यारं जुन्या सतरंजीवर मांडली. २१ चा नळीसारखा प्लग पाना, त्यात घालायचा टॉमी, फिलर गेज, सायकलचा पंप, चिंध्या आणि पेट्रोलच्या रबरी नळीचा वीतभर तुकडा. पाना बजाज चेतकच्या टूलकिटमधला. स्कूटर कधीच विकली, पाना मात्र घरात राहिला, आणि तो मारुतीच्या प्लगलाही बसतो. चेतकच्या काळात प्लग काढणं हे काही मेकॅनिकचं काम नव्हतं. टू-स्ट्रोक इंजिन, पेट्रोलमध्येच ऑइल, त्यामुळे प्लगवर सारखा कार्बन धरायचा. ऑफिसला निघालेला माणूस रस्त्याच्या कडेला स्कूटर तिरकी करायचा, प्लग काढायचा, काचपेपरवर घासायचा, फुंकर मारायचा आणि पुढे जायचा. डिकीत एक जादा प्लग असायचाच. मीही म्हणूनच काल तीनऐवजी चार आणले.

दुकानदारानं विचारलं होतं, “मायको देऊ?” १९५१ साली सुरू झालेल्या मायको कंपनीचं नाव २००८ मध्ये बॉश झालं, पण काउंटरवर अजून मायकोच चालतं. मी गाडीच्या पुस्तकातला नंबर चिठ्ठीवर लिहून नेला होता. या नंबरांत एक गंमत आहे. प्लग सिलिंडरमधली उष्णता किती लवकर बाहेर काढतो हे त्यातल्या एका आकड्यावरून कळतं. एनजीकेमध्ये आकडा मोठा तितका प्लग थंड, बॉशमध्ये नेमकं उलटं. त्यामुळे ‘याच्या जवळपासचा द्या’ असं म्हणून प्लग आणू नये.

आठ

प्लगच्या भोवतीच्या खळग्यात बोटभर माती होती. ती आधी उडवायची. नाहीतर प्लग निघताच सगळी सिलिंडरमध्ये, आणि मग पिस्टन ती वाटत बसणार. पंप मारायचं काम भाचीनं घेतलं. ती सातवीत आहे, सुट्टीला आली आहे आणि “आत्या, आता काय?” हा प्रश्न तिला दर दीड मिनिटाला पडतो.

मग वायरी. वायर ओढायची नाही, टोकाची टोपी धरून किंचित फिरवून काढायची. ओढली की आतली तार तुटते आणि बाहेरून काहीच दिसत नाही. टायमिंग बेल्टच्या बाजूचा सिलिंडर पहिला. भाचीनं कागदाच्या पट्ट्यांवर १, २, ३ लिहून त्या वायरींना चिकटवल्या.

“एक काढ, एक बसव, मग दुसऱ्याला हात लाव,” बाबा खुर्चीतून म्हणाले.

मला तिन्ही प्लग शेजारी शेजारी ठेवून बघायचे होते. ऐकलं नाही.

साडेआठ

पहिला प्लग थोडा हटून बसला होता. टॉमीवर वजन टाकलं, ‘कट्’ असा कोरडा आवाज आला आणि पुढचं बोटांनीच झालं. दुसरा पाना लावताच लोण्यातून सुरी निघावी तसा निघाला. मी खूश. बाबा म्हणाले, “इतका सहज आला, त्याचं कौतुक करू नकोस.”

तिसरा अडला. जोर करण्यात अर्थ नव्हता. अशा वेळी चिनी मातीचा भाग तडकतो किंवा प्लग आट्यात तुटतो. गंज सोडवायचं ऑइल मुळाशी सोडलं आणि आम्ही वर जाऊन पोहे खाल्ले. वीस मिनिटांनी पाव फेरा उलटा, थोडा परत सुलटा, पुन्हा उलटा, असं करत करत निघाला.

दहा

आजचं खरं काम इथे होतं. गॅरेजमध्ये जुने प्लग काढले की थेट डब्यात जातात. गिऱ्हाईक मागत नाही आणि मिस्त्री दाखवत नाही. बाकीचं इंजिन बंद पेटी. आत जाऊन, जळण अंगावर घेऊन परत बाहेर येणारा हा एकच भाग, आणि तो आपण न बघता फेकतो.

वर्तमानपत्रावर तिन्ही प्लग निघाले त्या क्रमानं ठेवले. पहिल्याचं नाक फिकट बदामी, दुधाचा चहा असतो तसं. म्हणजे हवा आणि पेट्रोलचं प्रमाण ठीक, जळणं ठीक. तिसराही तसाच, फक्त एका बाजूनं जरा काळपट. दोघांचेही इलेक्ट्रोड झिजून कडा गोल झाल्या होत्या. वयाचा परिणाम, तक्रार काही नाही.

दुसरा काळाकुट्ट आणि ओला.

काळा प्लगही दोन तऱ्हांचा असतो. कोरडी, बोटाला लागणारी काजळी असेल तर पेट्रोल जास्त जातंय. चोक अडकलेला असतो, एअर फिल्टर भरलेला असतो किंवा कार्ब्युरेटर बिघडलेला असतो. ओला असेल तर वास घ्यायचा. पेट्रोलचा ओलावा नाकाला कळतो आणि वाऱ्यावर उडून जातो. हा उडाला नाही. बोटांत चोळला तर बुळबुळीत लागला. ऑइल. आट्यांपर्यंत ऑइल, म्हणूनच तो इतक्या प्रेमानं बाहेर आला होता. (चौथी तऱ्हा, पांढराफटक आणि फोड आलेलं नाक, आमच्याकडे नव्हती. तसा प्लग दिसला तर गाडी चालवूच नये, कारण सिलिंडर बेसुमार तापतो आहे आणि पुढचा नंबर पिस्टनचा.)

बाबांनी प्लग हातात घेतला, चष्मा कपाळावर सरकवून डोळ्याजवळ धरला. डिझेलवाल्याला प्लग परका, पण ऑइल परकं नाही. “चढावर धूर देते?”

“नाही.”

“मग कधी देते?”

“सकाळी. चालू केल्या केल्या. मग बंद होतो.”

“रिंगा नाहीत मग. रिंगा गेल्या असत्या तर ओढताना दिला असता. व्हॉल्व्हचं सील गेलंय. रात्रभर थेंब थेंब ऑइल खाली उतरतं, ते सकाळी जळतं.”

शेजारच्या काकांचा धूप तो हाच. ऑइलनं माखलेल्या नाकावरून करंट घसरून परस्पर हेडमध्ये जातो, फटीत ठिणगी पडत नाही, तीनपैकी एक सिलिंडर नुसता वर-खाली होत राहतो. सिग्नलचा हिवताप कुठून आला तेही कळलं. आणि दोन आठवडे मी पेट्रोल पंपाला दोष देत होते.

अकरा

नव्या प्लगांची गॅप. ‘नवा आहे, गॅप बरोबरच असणार’ असं म्हणून बसवणारे बरेच भेटतात. या गाडीला ०.७ ते ०.८ मिलिमीटर लागते. चारांपैकी तीन बरोबर निघाले, चौथ्याची गॅप कमी होती. प्रवासात खोकं कुठेतरी आपटलं असेल. बाजूचा वाकडा इलेक्ट्रोडच हलवायचा, तोही इवलासा. मधल्याला हात लावला तर त्याच्या भोवतीची चिनी माती तडकते. ती चीर डोळ्यांना दिसत नाही, करंटला दिसते.

जुन्यांची गॅप बघितली तर एक मिलिमीटरच्या वर गेलेली. भाचीला हिशेब घातला. हे प्लग १५,००० किलोमीटर चालले. शहरात ताशी ३० धरू, म्हणजे ५०० तास. इंजिनाचे मिनिटाला सरासरी २,००० फेरे धरले तर फोर-स्ट्रोकमध्ये दर दोन फेऱ्यांना एक ठिणगी, म्हणजे मिनिटाला १,०००. तिनं वर्तमानपत्राच्या कडेला गुणाकार केला, शून्यं दोनदा मोजली. तीन कोटी. एकेका प्लगनं. प्रत्येक वेळी हजारो व्होल्टचा करंट फट ओलांडून उडी मारतो आणि धातूचा कण कण घेऊन जातो. फट वाढत जाते तशी उडी मारायला जास्त दाब लागतो आणि एक दिवस कॉइल हात टेकते.

रॉबर्ट बॉशच्या कारखान्यात गॉटलोब होनोल्ड या इंजिनिअरनं उच्च दाबाचा मॅग्नेटो आणि त्याचा प्लग तयार केला तो १९०२ साली. मधे इलेक्ट्रोड, भोवती चिनी माती, बाहेर लोखंडी अंग. आजचा प्लगही मुळात तोच आहे. फार थोड्या वस्तूंच्या नशिबी असं आयुष्य येतं.

पावणेबारा

बसवताना पाना शेवटी. रबरी नळीचा तुकडा प्लगच्या शेंडीवर घट्ट बसवला आणि नळी दोन बोटांनी फिरवत प्लग आत नेला. आटा वाकडा लागला तर नळी नुसती शेंडीवर फिरत राहते, जोर पोचतच नाही. हातात पाना असेल तर वाकड्या आट्यातही प्लग शिरतो आणि हेड गेलं. दोन-तीन फेरे उलट फिरवले की आटा जागेवर येताना ‘टक्’ जाणवतं, तिथून सुलटं. प्लग टेकल्यावर पान्यानं अर्धा फेरा. नवा वायसर तेवढ्यात दबतो. काकांनी जाता जाता “आट्यांना ग्रीस लावा” असं सुचवलं. लावलं नाही. ग्रीसवर पाना घसरत पुढे जातो, किती आवळलं याचा अंदाज हाताला येत नाही. आवळण्याचा मोह मला झालाच. बाबा म्हणाले, “पैलवान आहेस का? राहू दे.”

साडेबारा

किल्ली फिरवली. इंजिन घरघरलं, खोकललं आणि कार्ब्युरेटरमधून फाट्‌कन असा बार निघाला की पहिल्या मजल्यावरची दोन डोकी गॅलरीत आली. पुन्हा किल्ली. पुन्हा बार.

वायरींवरच्या कागदी पट्ट्यांपैकी दोन ऑइलच्या बोटांनी भिजून गळून पडल्या होत्या आणि मी अंदाजानं वायरी लावल्या होत्या. या इंजिनात ठिणगीचा क्रम १-३-२. मी दोन आणि तीनची अदलाबदल केली होती. बाबा काही बोलले नाहीत. खुर्चीतून उठले, बॉनेटमध्ये वाकले, डिस्ट्रिब्युटरच्या टोपीपासून एकेक वायर बोटानं शोधत आले आणि दोन टोप्या बदलल्या. मग पुन्हा खुर्चीत जाऊन बसले. “एक काढ, एक बसव,” हे त्यांनी दुसऱ्यांदा म्हटलं नाही, याची जास्त लाज वाटली.

तिसऱ्या किल्लीला इंजिन लागलं. निळा धूर निघाला, मिनिटभरात विरला. आवाज एकसारखा. भाचीनं पाण्याचा ग्लास एअर फिल्टरच्या झाकणावर ठेवला. पाणी हललं, सांडलं नाही.

दुपार

वरणभात, लोणचं, झोप.

साडेचार

कोथरूडहून चांदणी चौकाकडे. परवापर्यंत या चढावर दुसरा गिअर टाकावा लागत होता. आज तिसऱ्यावर गेली. बाबा शेजारी बसून आवाज ऐकत होते, आरशात धूर बघत होते. ओढताना नाही, सोडल्यावरही नाही. भाची मागच्या सीटवरून सिग्नलला विचारत होती, “आत्या, थरथर गेली ना?” गेली.

सात

बाबांच्या जुन्या सवयीप्रमाणे गाडीच्या डायरीत नोंद केली: तारीख, किलोमीटर, प्लग तीन, गॅप ०.८. ऑइल पातळीच्या काडीवर अर्धा बोट कमी, भरलं. जुना दुसरा प्लग टाकला नाही, कागदात गुंडाळून डॅशबोर्डच्या खणात ठेवला. सीलचं काम करायला देताना मिस्त्रीला दाखवायला हवा, नाहीतर तो पुन्हा प्लगच बदलायला सांगेल. चौथा नवा प्लगही त्याच खणात. सील बदलेपर्यंत दुसऱ्या नंबरला तो लागणार आहे, बहुतेक दिवाळीच्या आधीच.