झोळ नसलेली तार धोक्याची

नर्मदेची परिक्रमा उचललेला माणूस नदी ओलांडत नाही. तीर धरून चालत तो जबलपूरजवळच्या भेडाघाटला पोचतो, तेव्हा धुआंधार धबधब्यापाशी रोपवेचे पाळणे या काठावरून त्या काठाला जाताना त्याला दिसतात. व्रतामुळे त्याला त्यात बसता येत नाही. पण खाली उभं राहून तार बघता येते, आणि ती नीट बघण्यासारखी आहे. दोन टोकांमध्ये ती सरळ रेषेत नसते, मध्ये खाली आलेली असते. रायगडाच्या रोपवेत बसलेल्यांनीही हे पाहिलं असेल. तारेला झोळ आहे म्हणजे ती सैल पडली, आता कधी तुटेल सांगता येत नाही, अशी धास्ती अनेकांना वाटते. खरी गोष्ट नेमकी उलट आहे.

वाळत घालायच्या दोरीचं उदाहरण घ्या. दोरी कितीही ताणून बांधा, मधोमध ओलं लुगडं टाकलं की ती वाकतेच, आणि फारच ताणली असेल तर खिळा उपटून येतो. कारण साधं आहे. वजन खाली ओढतं, ते पेलायला वर ओढणारं बळ हवं. आडव्या दोरीतला सगळा ताण आडवा असतो, वरच्या दिशेला त्याचा काहीच भाग येत नाही. दोरी वाकली की तिरपी होते आणि मगच तिच्या ताणाचा एक छोटा हिस्सा वर ओढायच्या कामी येतो. हा हिस्सा जितका छोटा, तितका एकूण ताण मोठा लागतो.

आता आकडे घालू. दोन खांबांत २०० मीटर अंतर आहे आणि तारेच्या मधोमध ८० किलोचा माणूस लटकला आहे. झोळ ५ मीटर असेल तर त्याच्या वजनामुळे तारेवर सुमारे ८०० किलोचा ताण येतो, म्हणजे वजनाच्या दहापट. तीच तार आवळून झोळ १ मीटरवर आणला तर ताण ४,००० किलो होतो, पन्नासपट! झोळ शून्य करायचा म्हटलं तर ताण अनंत लागेल, म्हणून पूर्ण सरळ तार जगात कुठेच नसते. तारेचं स्वतःचं वजनही मोजायला हवं. १२ मिलिमीटर जाडीचा पोलादी दोर मीटरला अर्ध्या किलोहून थोडा जास्त भरतो. २०० मीटरला शंभरेक किलो झाले. ५ मीटर झोळ धरून दोन्ही मिळून ताण १,४०० किलोच्या घरात जातो. असा दोर तुटायला साधारण नऊ-दहा टन लागतात. सुरक्षिततेचा हा सहा-सात पटींचा वाव झोळामुळेच मिळालेला आहे.

लटकत्या तारेचा आकार कोणता, हा प्रश्न जुना आहे. गॅलिलिओने १६३८ च्या ग्रंथात लटकती साखळी पॅराबोलाच्या, म्हणजे अन्वस्ताच्या, जवळ जाते असं लिहिलं. नेमकं उत्तर १६९१ मध्ये हायगेन्स, लायब्निट्स आणि योहान बर्नोली यांनी काढलं. तो वक्र वेगळा निघाला, त्याला कॅटेनरी म्हणतात. आपल्या २०० मीटरच्या तारेत मात्र या दोन वक्रांच्या झोळात फरक येतो तो काही मिलिमीटरचा, त्यामुळे इंजिनिअर बिनदिक्कत पॅराबोला वापरतात. त्याहून मोलाचा शोध मला १८३४ चा वाटतो. जर्मनीतल्या हार्झ पर्वतातल्या खाणींत विल्हेल्म आल्बर्ट यांनी लोखंडी तारा पिळून दोर केला. तोवर खाणीत साखळ्या वापरत, आणि साखळीची एक कडी तुटली की भार थेट खाली जाई. पिळलेल्या दोरातली एक तार तुटली तर बाकीच्या भार वाटून घेतात आणि तुटलेलं टोक बाहेर येऊन सूचनाही देतं. आज तारेवर लटकणारा प्रत्येक जण या कल्पनेच्या भरवशावर असतो.

रोपवेत मोटर असते, दोर फिरतो आणि पाळणा त्याच्याबरोबर जातो. झिपलाइनमध्ये तार जागेवर असते, तिच्यावरून कप्पी धावते आणि ओढायला फक्त गुरुत्वाकर्षण असतं. सह्याद्रीत गिर्यारोहक मंडळी व्हॅली क्रॉसिंग करतात ते याच जातीचं. कोस्टा रिकात १९७० च्या दशकात डॉनल्ड पेरी या जीवशास्त्रज्ञाने जंगलाच्या शेंड्यावरचे जीव बघण्यासाठी झाडांमध्ये दोर बांधले, त्यातून पुढे पर्यटकांची झिपलाइन फोफावली. आपल्याकडे राजस्थानातल्या नीमराणा किल्ल्यावर ती २००९ मध्ये सुरू झाली.

झिपलाइनवर झोळाचं दुसरं काम दिसतं. समजा आपल्या २०० मीटरच्या तारेचं सुटायचं टोक पोचायच्या टोकापेक्षा १० मीटर उंच आहे. सरासरी उतार शंभराला पाच. पण झोळामुळे उतार सगळीकडे सारखा नसतो. सुरुवातीला तो शंभराला पंधराच्या आसपास असतो, म्हणून सुटल्या सुटल्या पोटात गोळा येतो. तीन चतुर्थांश अंतर गेल्यावर वाट सपाट होते आणि शेवटच्या ५० मीटरमध्ये चक्क सव्वा मीटरचा चढ लागतो. हा चढच पहिला ब्रेक. यंत्राचा किंवा माणसाच्या हातातला ब्रेक त्यानंतर येतो. झोळ काढून टाकला तर माणूस उतरत्या तारेवर वेग वाढवत थेट खांबापर्यंत जाईल.

वेगाचंही बघू. १० मीटर खाली येताना काहीच अडथळा नसता तर वेग ताशी ५० किलोमीटर झाला असता, वजन कितीही असो. प्रत्यक्षात हवा आडवी येते, आणि वेग दुप्पट झाला की हवेचा विरोध चौपट होतो. जड माणसाचं वजन जास्त, पण हवेला भिडणारं अंग त्या प्रमाणात जास्त नसतं, म्हणून तो पुढे जातो. हातपाय पसरले की वेग उतरतो, अंग आवळलं की वाढतो. हलकं मूल समोरचा वारा असेल तर चढापर्यंत पोचतच नाही. तारेच्या सगळ्यात खालच्या जागी थांबतं, आणि कोणीतरी तारेवरून जाऊन त्याला ओढत आणावं लागतं. किमान वजनाची अट त्यासाठी असते. पालक तिथे हुज्जत घालतात तेव्हा मला फार वाईट वाटतं.

जबलपूरच्या हवेत आणखी एक गोष्ट घडते. मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, थंडीत रात्री दहाच्या खाली जातो. पोलाद तापलं की वाढतं. ३० अंशांच्या फरकाने २०० मीटरची तार जेमतेम ७ सेंटिमीटरने वाढते. पण लांबीतली ही किरकोळ वाढ झोळात मोठी होऊन उतरते, कागदावरच्या हिशेबाने जवळपास अर्धा मीटर. थंडीत याच्या उलट, तार आवळते आणि ताण वाढतो. म्हणजे मेमधल्या दुपारी बेतलेली तार जानेवारीच्या पहाटे तीच राहत नाही. झोळ ऋतूप्रमाणे मोजत राहावा लागतो.

आता तारेखाली काय आहे ते. नावेतून भेडाघाट बघताना दोन्ही बाजूंना संगमरवराचे कडे उभे दिसतात. धबधब्यावरच्या तारेवरून दिसतो तो नदीचा मार्ग: वर पसरट, खडकाळ पात्र आणि मग एकाएकी अरुंद फटीत पडणारं पाणी. हा संगमरवर डोलोमाइटचा आहे, वयाने दोनशे कोटी वर्षांच्या आसपासचा. त्यात मधूनमधून काळपट अग्निज खडकाचे पट्टे घुसले आहेत. घाटावर मूर्ती विकतात त्यांतला मऊ दगड शंखजिऱ्याचा, नखाने ओरखडा उठेल इतका मऊ. जवळच्याच लमेटाघाटचं नाव ज्या खडकांना मिळालं त्यांत डायनोसॉर सापडतात. विल्यम स्लीमन यांना जबलपुरात १८२८ मध्ये पहिली हाडं मिळाली, आणि लिडेकर यांनी १८७७ मध्ये त्या प्राण्याला टायटॅनोसॉरस हे नाव दिलं. भेडाघाट-लमेटाघाट २०२१ पासून युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहे.

नर्मदेचं खोरं भूकवचातल्या प्राचीन कमकुवत पट्ट्यावर आहे. २२ मे १९९७ च्या पहाटे जबलपूरला ५.८ तीव्रतेचा भूकंप झाला, त्याचं केंद्र सुमारे ३५ किलोमीटर खोल होतं. इथे खांब रोवणाऱ्याने हे विसरून चालत नाही.

धबधब्याचे तुषार हा तारेचा रोजचा शत्रू. ओल दोराच्या पिळात शिरते आणि गंज आतून धरतो. बाहेरून जस्ताचा मुलामा चकचकीत दिसत असतानाही आतल्या तारा खाल्लेल्या असू शकतात. म्हणून नुसतं बघून भागत नाही. दोर चुंबकीय क्षेत्रातून फिरवतात. आत कुठे तार तुटली किंवा झिजली असेल तिथे क्षेत्र बिघडतं आणि उपकरण ते टिपतं. ही तपासणी किती महिन्यांपूर्वी झाली हे तिकीट खिडकीवर लिहिलेलं असावं, असं माझं ठाम मत आहे. १० एप्रिल २०२२ ला झारखंडमधल्या देवघरजवळ त्रिकूट पर्वताच्या रोपवेवर अपघात झाला. तिथल्या पाळण्यांत माणसं चाळीस तासांहून अधिक काळ अडकून होती, आणि त्यांना काढायला हवाई दलाची हेलिकॉप्टरं आणावी लागली.

म्हणूनच खालच्या संगमरवरी घळईवरून झिपलाइन नेण्याची कल्पना कोणी मांडली तर मी विरोध करीन. तिथल्या कड्यांना आग्या मोहोळं लटकलेली असतात. या माश्या चिडल्या तर नाववाला नाव वळवू शकतो, तारेवरच्या माणसाला ना थांबता येत ना परतता येत. तारेचे अँकर त्या जुन्या दगडात भोकं पाडून बसवावे लागतील, आणि तडे गेलेला संगमरवर ताण किती धरेल हे प्रत्येक भोकाला वेगळं तपासावं लागेल. धबधब्याजवळ दोन्ही काठांवर रोपवेची स्थानकं आहेत, माणसं आहेत. घळईत खाली खोल पाणी आणि बाजूला उभे कडे, आणि पुराच्या दिवसांत तर नावाही बंद असतात. तिथे मध्येच थांबलेल्या माणसापर्यंत पोचायला तारेशिवाय दुसरी वाट राहत नाही.