सावलीतलं टणक पान

गोल्डफिशच्या टाकीत हौसेनं लावलेली कोवळी झाडं आठवड्याभरात देठांपुरती उरतात. यात माशाचा दोष नाही. गोल्डफिश कार्पच्या कुळातला. त्याचे दात जबड्यात नसून घशात असतात आणि त्याला जठर नसतं. त्यामुळे दिवसभर थोडं थोडं खाणं, तळाची रेव तोंडात घेऊन चाळणं हा त्याचा स्वभावच आहे. दक्षिण अमेरिकेतल्या ऑस्करला पाल्यात फारसा रस नसतो. पण अंडी घालण्यासाठी जागा साफ करताना मध्ये येणारं रोपटं तो सरळ उपटतो.

या दोघांपुढे टिकतं ते अनुबियास. ते पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतल्या जंगलात, ओढ्याकाठच्या सावलीत वाढतं. पान जाड, चिवट. शिवाय हे अळूचं भाऊबंद! अळू कच्चं राहिलं की घसा खवखवतो तो कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुईसारख्या स्फटिकांमुळे, आणि या कुळात ते सर्रास आढळतात.

मला यातलं सगळ्यात सुंदर वाटतं ते सावली आणि चिवटपणाचं नातं. अपुऱ्या उजेडात नवं पान उभं करायला झाडाला फार वेळ लागतो, म्हणून आहे ते पान गमावणं त्याला परवडत नाही. सावकाश वाढणारी झाडं बचावावर जास्त खर्च करतात, हा विचार फिलिस कोली आणि सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात मांडला होता. तेव्हा कमी उजेडात तगणारं झाड शोधताना माशांना पुरून उरणारं झाडही बहुधा हाती लागतं.

बहुधा म्हणायचं कारण क्रिप्टोकोरीन. कोकणातल्या ओढ्यांतही उगवणारं हे अळूच्याच कुळातलं झाड, मंद उजेडात खुशाल राहणारं. पण त्याची मुळं रेतीत असतात, आणि उकरणाऱ्या माशापुढे ती टिकत नाहीत.

अनुबियास आणि त्याच्यासारखंच टिकणारं जावा फर्न हे नेचं यांचं आल्यासारखं आडवं खोड मात्र रेवेत पुरायचंच नसतं. पुरलं तर कुजतं. ते दगडाला किंवा ओंडक्याला दोऱ्यानं बांधावं, मुळं हळूहळू पकड घेतात. दिवा सहा-सात तास पुरे. जास्त उजेडात या संथ पानांवर शेवाळ चढतं.

जावा फर्नच्या पानामागे तपकिरी ठिपके दिसले तर रोग समजून पान कापू नका. ते बीजाणूंचे पुंजके असतात. जुन्या पानांवर इवली रोपंही फुटतात. ती सुटून तरंगू लागली की उचलावीत आणि दुसऱ्या दगडाला बांधावीत.