असं का? : कोंबड्या मेल्या, तर कळवायचं कशाला?

परसातल्या चार-सहा कोंबड्या एका रात्रीत माना टाकतात. ‘मानमोडी आली’ म्हणून घरची माणसं त्या उकिरड्यावर फेकून देतात. मग पशुवैद्यकीय दवाखाना ‘लगेच कळवा’ असा आग्रह का धरतो?

कारण ही मर बर्ड फ्लूची असू शकते, आणि त्याचा धोका फ्लूच्या विषाणूच्या रचनेत आहे. त्याची जनुकं एका अखंड धाग्यात नसतात, तर आठ सुट्या तुकड्यांत असतात. पक्ष्यांचा आणि माणसांचा फ्लू एखाद्या डुकराच्या एकाच पेशीत शिरला, तर पत्त्यांचे दोन जोड एकत्र पिसावेत तसे हे तुकडे मिसळू शकतात. त्यातून तयार होणारा नवा विषाणू आपल्या शरीराच्या ओळखीचा नसतो. २००९चा स्वाइन फ्लू अशाच मिसळणीतून जन्मला. पुण्याने त्याची झळ सोसली.

त्याआधी फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला भारतातला पहिला बर्ड फ्लू कोंबड्यांमध्ये आढळला. लाखो पक्षी नष्ट करून तो रोखावा लागला.

खबर जितकी लवकर, तितकी विषाणूला मिसळायची संधी कमी. पण कोंबड्या जातील या धास्तीने माणूस गप्प बसतो. म्हणूनच नुकसानभरपाईची माहिती गावाला आधीच मिळायला हवी, तीही ओळखीच्या आशाताईंकडून, घरच्या बोलीत.

त्यांनी तीन गोष्टी जरूर सांगाव्यात. मेलेला पक्षी उघड्या हाताने उचलू नका. नीट शिजवलेलं चिकन आणि अंडी खायला हरकत नाही. आणि ताप-खोकला आला, तर डॉक्टरांना कोंबड्या मेल्याचंही सांगा.