हुकूमनामा मिळाला, पुढें काय?

हिंदुस्थानांतील दावेदाराच्या अडचणी हुकूमनामा हातीं पडल्यावरच सुरू होतात, असा शेरा प्रिव्ही कौन्सिलनें 1872 सालीं मारला होता. तो कौटुंबिक दाव्यांस उद्देशून नव्हता. परंतु पोटगी व मुलांचा ताबा या बाबतींत त्याची प्रचीति जितकी येते, तितकी सावकारी दाव्यांतही क्वचितच येत असेल. सावकारास चार वर्षें थांबतां येतें. जिची चूल पोटगीवर चालावयाची, तिला महिनाभरही थांबतां येत नाहीं.

पति याच देशांत असेल तर कायद्याचे हात बरेच लांब आहेत. पूर्वीच्या फौजदारी कार्यपद्धतीचें सर्वपरिचित 125 वें कलम 1 जुलै 2024 पासून नागरिक सुरक्षा संहितेचें 144 वें कलम झालें आहे. पोटगी थकल्यास ती दंडाप्रमाणें वसूल करण्याचें वॉरंट निघतें आणि तरीही रक्कम न आल्यास कैद होऊं शकते. कैद भोगली म्हणजे देणें फिटलें, असा समज पुष्कळांचा असतो. तो खोटा आहे. कैद हें वसुलीचें साधन आहे, फेड नव्हे, असें सर्वोच्च न्यायालयानें 1989 सालींच स्पष्ट केलें. दिवाणी कोर्टांत दरखास्त दिल्यास पगारही जप्त होतो, आणि पोटगीच्या हुकूमनाम्यासाठीं पगाराचा एकतृतीयांश भागच काय तो जप्तीपासून सुटतो. मात्र वॉरंटासाठीं अर्ज रक्कम देय झाल्यापासून वर्षाच्या आंत करावा लागतो. “आज ना उद्यां देईल, उगाच शोभा कशाला,” असें म्हणून वडीलधारी मंडळी मुलीस थोपवून धरतात, आणि तेवढ्यांत वर्ष उलटून जातें ! भिडेची ही किंमत मुलीनें कां भरावी ?

पति समुद्रापार गेला कीं हे हात एकदम आंखूड पडतात. पुण्याचा बेलीफ शिकागोच्या कचेरींत जाऊन पगार अडवूं शकत नाहीं. इंग्लंड, सिंगापूर किंवा संयुक्त अरब अमिरातींतील वरिष्ठ न्यायालयांचे पैशाचे हुकूमनामे येथें थेट बजावतां येतात. अमेरिका त्या यादींत नाहीं. म्हणून परदेशस्थ जामाताची येथें जी मिळकत असेल, म्हणजे एखादें घर, बँकेंतील ठेव, वडिलोपार्जित हिस्सा, तिच्याकडे प्रथम लक्ष द्यावें. जप्ती तिच्यावर आणतां येते. पोटगीच्या कामांत उभयतांनीं मालमत्तेचें शपथपत्र दिलेंच पाहिजे, असें सर्वोच्च न्यायालयानें 2020 सालीं ठरवून दिलें आहे, त्याचा येथें फार उपयोग होतो. तिकडून घटस्फोटाचा कागद आला म्हणून विवाह संपला, असेंही घाबरून धरूं नये. आपल्या विवाहकायद्यास मान्य नसलेल्या कारणावरून, व पत्नीनें त्या न्यायालयाचा अधिकार स्वखुषीनें मान्य केलेला नसतां, दिलेला घटस्फोट येथें चालत नाहीं, हें अमेरिकेंतील मिसूरी संस्थानाच्या एका हुकूमनाम्यावरून 1991 सालींच ठरलें.

पैसा निदान मोजतां येतो; मुलांचें काय ? मुलें परत पाठविण्यासंबंधींच्या 1980 च्या हेग करारांत भारत सामील नाहीं. त्यामुळें परदेशी न्यायालयाचा हुकूम येथें आपोआप चालत नाहीं. तो विचारांत घेतला जातो, परंतु निर्णय मुलाच्या हितावर होतो. मूल परदेशीं धाडावयाचें झालें, तर तेथील न्यायालयाकडूनही तसाच हुकूम आधीं करवून घ्यावा, अशी तोड निघाली आहे. इंग्रजींत यास ‘मिरर ऑर्डर’, म्हणजे आरशांतील हुकूम, म्हणतात.

हा आरसा कितपत भरंवशाचा ? दिल्लींत जन्मलेल्या एका मुलाचा ताबा ऑक्टोबर 2020 मध्यें सर्वोच्च न्यायालयानें, तिघांपैकीं एका न्यायमूर्तींचें मत विरुद्ध असतां, केनियांतील पित्याकडे दिला. नैरोबीच्या न्यायालयाचा तसाच हुकूम आणावा, एक कोटी रुपये अनामत ठेवावे, आईस मुलाशीं बोलूं-भेटूं द्यावें, अशा अटी होत्या. मुलगा गेला. पुढें पित्यानें अटी तर मोडल्याच, वर भारतीय न्यायालयाच्या अधिकारालाच केनियांत आव्हान दिलें. ऑक्टोबर 2021 मध्यें ताब्याचा हुकूम मागें घेण्यांत आला व मुलास परत आणण्याची आज्ञा झाली. ती पाळली गेली नाहीं. 2022 सालीं न्यायालयाच्या अवमानाबद्दल पिता दोषी ठरला. पण तो आणि मुलगा दोघेही तेव्हां केनियांतच होते.